दरीकडे झुकताना

सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही विचारा, चढताना दम लागतो, पण छातीत धडधड होते ती उतरताना. चढताना डोंगर समोर असतो, हात टेकायला जागा असते, नजर पुढच्या पायरीपलीकडे जात नाही. उतरताना सगळी दरी एकदम डोळ्यांत येते. ट्रेकवाले याला दृष्टिभय म्हणतात. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या झपाझप चढून गेलेली धडधाकट मुलं परत येताना पायऱ्यांकडे तोंड करून, खोबणीत बोटं रोवून एकेक पायरी उतरतात, ती याच कारणानं.

मी त्या धडधडणाऱ्यांतली. कॉलेजपासून गड फिरते आहे. मुलुंडच्या घराच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात आणि पाऊस सुरू झाला की माझा पाय घरात ठरत नाही. पण उतरणीची भीती इतक्या वर्षांत काही गेलेली नाही. घसारा आला की मी बसते, कारवीचं खोड धरते, मागच्यांना थांबायला सांगते आणि माझ्या गतीनं उतरते. अशा बाईनं पंचेचाळिशी उलटल्यावर स्कीइंग शिकायचं ठरवावं, म्हणजे ज्यात चढण नावालाही नाही आणि नुसती उतरणच उतरण आहे असा खेळ निवडावा, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. आई तर सरळ म्हणाली, "या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?" मला त्यात नवल वाटत नाही. ज्याची भीती वाटते ते लांबून जास्त मोठं दिसतं, म्हणून जवळ जाऊन बघावं, हा माझा स्वभावच आहे.

सुरुवात गुलमर्गला झाली. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात ते मोठं कुरण हिवाळ्यात बर्फाखाली जातं आणि नवशिक्यांना तिथेच शिकवतात. उतार इतका मवाळ की शेवटी सपाटी येते आणि काहीही न करता आपण आपोआप थांबतो. गुलमर्गकडे लोक पोनीवर बसून फोटो काढायची जागा म्हणून बघतात, पण त्याच परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला होता. तिथली पोरं ज्या सहजतेनं उतारावरून येतात ती बघत बसावी. मी त्या कुरणावर स्नोप्लाउ शिकले. स्कीची पुढची टोकं जवळ, शेपटं लांब, आणि आतल्या कडांवर भार देऊन वेग मारायचा. तिथे मला खूप बरं वाटलं. भीती होती, पण ती कुरणाच्या मापाची होती.

मग माझी भाची, जी झुरिकला नोकरी करते, मागे लागली. "मावशी, इकडे ये. खरे डोंगर बघ. मी आहे ना." तिच्या 'मी आहे ना'वर माझा विश्वास आहे. मार्चमध्ये जायचं ठरलं.

मुंबईत बसून स्कीइंगची तयारी करणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बहुधा धरलेले नसतात. ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगेन, कारण तिकडे डोंगरावरून जखमी माणसाला खाली आणायचे पैसे पडतात. १९५२ पासून काम करणारी रेगा ही तिथली हवाई बचाव संस्था आहे. तिचा १४१४ हा क्रमांक मी मुलुंडमध्येच फोनमध्ये घालून ठेवला. आईला तो दाखवला तेव्हा तिला धीर आला की आणखी काळजी वाटली, ते मला अजून कळलेलं नाही.

बाकी तयारी मांड्यांची. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात, म्हणून ट्रेकनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आपण कण्हतो. स्कीइंगमध्ये तेच दिवसभर. त्यामुळे भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचा व्यायाम महिनोन्‌महिने केला, बाहेर पस्तीस अंशांचा उकाडा आणि पंखा फुल असताना. दुसरा एक सराव आपल्या सगळ्यांचा आपोआप झालेला असतो. फास्ट लोकलमध्ये कडी हाताला लागत नाही तेव्हा आपण जसे उभे राहतो, गुडघे सैल, भार तळव्याच्या पुढच्या भागावर, गाडी रूळ बदलेल त्या अंदाजानं अंग आधीच तयार, तसंच स्कीवर उभं राहायचं असतं.

स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या ग्रिंडेलवाल्ड गावी उतरले तेव्हा मी पहिल्यांदा आकडे ताडून बघितले, ही माझी ट्रेकरची खोड. गाव १०३४ मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे गावातून निघालेली गाडी थोड्याच वेळात महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाच्या वर जाते, आणि तरी खरे डोंगर अजून मान वर करूनच बघायचे असतात. डावीकडे आयगर, ३९६७ मीटर. त्याची उत्तरेची भिंत साधारण अठराशे मीटर उभी आहे, कळसूबाई तळापासून उचलून तिथे टेकवलं तरी भिंत वर उरेल. ही भिंत चढायला १९३८ साल उजाडावं लागलं, आणि त्याआधी तिनं कित्येक जीव घेतले. तिच्या पलीकडे म्योंख, मग ४१५८ मीटरची युंगफ्राउ. गावात कुठेही गेलं, दुधाच्या दुकानात गेलं तरी ती भिंत पाठीशी असते. पहिल्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

खरं तर उंचीच्या हिशेबात घाबरायचं काही कारण नव्हतं. गुलमर्गचं कुरणच साडेसव्वीसशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, अफारवत डोंगराच्या अंगावर साधारण ३९०० मीटरपर्यंत जातो. मी ज्या उतारांवर जाणार होते ते मेनलिशेन आणि क्लाइन शायडेगच्या परिसरातले, दोन-सव्वादोन हजारांचे. पण गुलमर्गच्या त्या कुरणाला शेवटी सपाटी होती. इथे एक उतार संपला की दुसरा सुरू होतो, तो संपला की तिसरा, आणि मधे कुठेही डोंगर तुम्हाला आपण होऊन थांबवत नाही. थांबायचं ते स्वतःलाच. मोठा डोंगर मला या अर्थानं मोठा वाटला.

सकाळी भाड्याच्या स्की घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलानं वजन, उंची, वय विचारलं, बुटाचा तळवा मोजला आणि मग विचारलं, कशा चालवता? हा प्रश्न औपचारिक नसतो. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून जी पकड असते, ती किती जोराला सुटेल ते या उत्तरांवर ठरतं. वजन कमी सांगितलं तर पकड सैल बसते आणि नको तेव्हा सुटते; येतं त्यापेक्षा जास्त येतं असं सांगितलं तर घट्ट बसते आणि वेळेला सुटत नाही, मग गुडघा जातो. मी वजन, वय सगळं खणखणीत आवाजात सांगितलं आणि म्हणाले, हळू आणि सावध. त्यानं पकडीचा आकडा खाली आणला, स्क्रू फिरवताना मला तो आकडा दाखवला. त्या छोट्या खिडकीतला तो आकडा बघून मला जेवढा आधार वाटला तेवढा कुणाच्याही शब्दानं वाटला नव्हता.

आमच्या शिक्षिका साठीच्या होत्या. याच खोऱ्यात जन्मलेल्या, पांढरी वेणी हेल्मेटखालून पाठीवर आलेली. मी त्यांना आधीच सांगून टाकलं, मला खूप भीती वाटते. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि कशाची, कधीपासून असलं काही न विचारता म्हणाल्या, बरं, आधी थांबायला शिकू.

इथे मला जे कळलं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? बूड मागे नेतो, टाचा रोवतो, अंगाचा भार डोंगराच्या बाजूला ठेवतो. पाय सटकलाच तर बसकण मारता यावी, तोंडघशी पडू नये, म्हणून शरीरानं शोधलेला तो उपाय आहे आणि मुरमाड उतारावर तो अगदी बरोबर आहे. स्कीवर नेमका हाच घात करतो. मागे झुकलं की भार शेपटाकडे जातो आणि पुढची टोकं हलकी होतात. वळवायचं काम टोकांचं, ती हवेत तरंगायला लागली की स्की ऐकत नाही. ऐकत नाही म्हणून वेग वाढतो, वेग वाढला की भीती वाढते, भीती वाढली की माणूस आणखी मागे झुकतो. उतारावर घाबरलेला माणूस लांबून ओळखू येतो तो या मागे गेलेल्या बुडावरून.

म्हणजे करायचं काय, तर नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबायची, हात समोर ठेवायचे, आणि वळताना अंग दरीकडे झुकवायचं. दरीकडे! तीस वर्षं सह्याद्रीनं जे अंगात मुरवलं त्याच्या बरोबर उलट. वळणाच्या मधोमध एक क्षण असा येतो की दोन्ही स्की सरळ खाली, दरीच्या दिशेनं रोखलेल्या असतात. त्या क्षणी सगळं अंग ओरडून सांगतं, मागे हो. आणि त्याच क्षणी पुढे राहायचं असतं, कारण तिथे पुढे राहिलं तरच वळण पुरं होतं, आणि वळण पुरं झालं, स्की पुन्हा आडव्या आल्या, की वेग आपोआप पडतो.

हे समजावून सांगून जमत नाही. मला सगळं पटलं होतं आणि तरी मी मागेच जात होते. तेव्हा शिक्षिकाबाईंनी काठ्या माझ्याकडून काढून घेतल्या आणि सांगितलं, डावीकडे वळताना उजवा हात उजव्या गुडघ्यावर ठेव, आणि वळण संपेपर्यंत काढू नकोस. एवढंच. दरीकडे झुक असं त्या म्हणाल्याच नाहीत. पण बाहेरच्या गुडघ्याला हात लावायचा तर अंग त्या बाजूला वाकतंच, भार बाहेरच्या स्कीवर जातोच. मी हात गुडघ्यावर ठेवला, नजर हातमोज्यावर, आणि स्की वळली. लोण्यातून सुरी फिरावी वगैरे काही झालं नाही. कुरकुरत, थरथरत वळली, पण वळली, आणि मी उताराला आडवी होऊन थांबले. तो हातमोजा मला आठवतो, काळा, तर्जनीवर शिवण उसवलेली, आणि त्याखाली गुडघा थडथड उडतोय.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती साइडस्लिप. घाबरणाऱ्या माणसाला डोंगरावर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही असं माझं ठाम मत झालं आहे, आणि नवशिक्यांना ती फार उशिरा शिकवतात अशी माझी तक्रारही आहे. स्की उताराला आडव्या ठेवायच्या. डोंगराकडच्या कडा बर्फात रुतलेल्या असल्या की आपण उभे असतो. आता घोटे अगदी किंचित दरीच्या बाजूला सैल सोडायचे. कडा सुटतात आणि दोन्ही स्की आडव्याच्या आडव्या खाली सरकायला लागतात, खरवडल्याचा आवाज करत. घोटे पुन्हा डोंगराकडे वळवले की थांबतात. फूटभर सरका, थांबा. दोन फूट सरका, थांबा. उतार कितीही तिरका असू दे, रुंद नसू दे, वळायची छाती नसू दे, या पद्धतीनं जवळपास कुठूनही खाली येता येतं. शिक्षिकाबाईंनी मला एक अख्खी दुपार हेच करायला लावलं. शेजारून चार-पाच वर्षांची पोरं स्की तिरक्या करून सरसर जात होती, त्यांचे शिक्षक "पिझ्झा! पिझ्झा!" (म्हणजे स्कीचा पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण करा) ओरडत होते, आणि मी आडवी सरकत होते, थांबत होते, सरकत होते. त्या दुपारी पहिल्यांदा मी मान वर करून आयगरकडे नीट बघितलं.

लहानपणापासून मला सांगितलं गेलं, भीती काढून टाक. पोहायला शिकताना, स्कूटर शिकताना, पहिल्यांदा रॅपलिंगला कड्यावरून पाठ मोकळी सोडताना. जणू भीती ही मनातली अडगळ आहे, आवरली की खोली मोकळी. आणि ती निघाली नाही की माझ्यातच काही कमी आहे असं वाटायचं. या बाईंनी माझ्या भीतीला हातच लावला नाही. ती तिथेच राहू दिली आणि तिच्यासकट खाली कसं यायचं ते पायांना शिकवलं. धीट माणसाला साइडस्लिप सुचणारही नाही. ती घाबरणाऱ्यांसाठीच आहे, आणि ती तंत्र आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे एकदा लक्षात आल्यावर तो सगळा डोंगरच मला वेगळा दिसायला लागला. किती गोष्टी घाबरणाऱ्या माणसाचा विचार करून उभ्या केलेल्या आहेत! उतारांना रंग दिलेले, निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. कडेनं खांब, खांबांवर क्रमांक, म्हणजे पडलात तर कुठे पडलात ते सांगता येतं. रात्रभर यंत्रं फिरून बर्फ दाबतात आणि सकाळी उतारावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा असतात. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम जिथे तिथे लावलेले, आणि त्यातला मला सर्वांत लाडका असा की मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं, पुढच्याला मागे बघत बसायची गरज नाही. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला हा नियम पाळला जाताना बघून काय वाटत असेल ते सांगायला नको. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ आकड्यांत रोज जाहीर होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, नाही उतरायचं तर गोंडोला आहे, आगगाडी आहे. स्की खांद्यावर टाकून गाडीत बसा, कुणी वळून बघत नाही.

या खोऱ्याचा स्कीइंगच्या इतिहासात मोठा वाटा आहे. समोरच्या बाजूला कड्यावर वसलेल्या म्युरेन गावात १९२२ मध्ये अर्नोल्ड लन यांनी आधुनिक स्लालम शर्यत पहिल्यांदा आखली. खांबांमधून वळणं घेत उतरायची ही शर्यत म्हणजे नुसत्या वेगापेक्षा वळण्याच्या कौशल्याला मान देणारी कल्पना. हे लन जन्मले होते मद्रासला, १८८८ मध्ये. हे वाचून मला उगाच आपलेपणा वाटला. आणि शेजारच्या वेंगेन गावाच्या बाजूला लाउबरहॉर्न डोंगर. १९३० पासून तिथे शर्यत होते, साधारण साडेचार किलोमीटरची, विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल, म्हणजे नुसत्या वेगानं उतरायची शर्यत. २०१३ मध्ये योहान क्लारे हा फ्रेंच स्कीपटू तिथे ताशी १६१.९ किलोमीटर वेगानं गेला. भाची मला तो मार्ग दाखवायला घेऊन गेली. एका जागी कातळाच्या बेचक्यातून खेळाडू हवेत उडी घेतात, तिच्या वर उभं राहून मी खाली बघितलं आणि मागे सरकले. पण त्या वेगातल्या माणसांचे फोटो बघा, नडगी पुढे, हात समोर, अंग दरीकडे. मला जे गुडघ्यावर हात ठेवून शिकवलं तेच.

एक दिवस मात्र फार कठीण गेला. मेनलिशेनवरून निघालो तेव्हा ऊन होतं. निम्म्यावर ढग खाली आला. धुकं आपल्याला नवीन नाही, पावसाळ्यात राजमाचीला ढगातून चालतोच आपण. पण तिथे पायाखाली चिखल असतो, दगड असतात, गवत असतं. इथे वर पांढरं, खाली पांढरं, मधेही पांढरंच. सावली नाहीशी झाली की बर्फावरचा चढउतार दिसत नाही. पुढे उंचवटा आहे की खड्डा, उतार तिरका होतोय की सपाट, काही म्हणजे काही कळत नाही. स्कीवाले याला फ्लॅट लाइट म्हणतात. मी थांबले होते आणि मला वाटत होतं मी सरकतेय. पोटात ढवळलं. खाली बघितलं तर स्वतःच्या स्कीसुद्धा कशावर टेकल्यात ते दिसेना. घशाला कोरड पडली, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

भाची परत वर चढून आली. "मावशी, खांब दिसतोय ना पुढचा? फक्त तिथपर्यंत." ती पुढे जाऊन थांबायची, मी तिच्या लाल जाकिटाकडे बघायची. जाकीट एकदम खाली गेलं तर तिथे खड्डा, हळूहळू लहान होत गेलं तर सरळ उतार. तिच्या हलण्यावरून मी जमीन वाचत होते. आणि पाय, ते आडवे सरकत होते. घोटे सैल, खर्रर्र, घोटे घट्ट, थांब. डोळ्यांना दिसत नव्हतं पण कडांना कळत होतं, कुठे बर्फ कडक आहे, कुठे मऊ साठलाय. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मधे एक आजोबा बाजूनं गेले, जवळ येऊन थांबले, जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, भाचीनं उत्तर दिलं, ते हसून हात वर करून ढगात गेले. "ठीक आहात ना, विचारत होते," ती म्हणाली. गोंडोलाच्या मधल्या स्थानकाचं छप्पर दिसलं तेव्हा भीती होती तेवढीच होती. तिनं मला थांबवलं मात्र नव्हतं.

त्या स्थानकात गरम सूप पीत बसलो असताना भाचीनं मला एक छान गोष्ट सांगितली, नंतर मी ती वाचूनही काढली. स्की बर्फावरून इतकी सहज का घसरते याचा छडा लावायला १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक बाउडन आणि टी. पी. ह्यूज या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले ते इथेच वर, ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखच्या संशोधन केंद्रात, बर्फातल्या गुहेत बसून. घर्षणाच्या उष्णतेनं स्कीखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्यावरून ती जाते, असा त्यांचा निष्कर्ष. आता त्यात पुढच्या संशोधकांनी भर घातली आहे, पण मला ती गुहेतली माणसं आवडली. थंडीत बसून 'हे का घसरतं' विचारणारी.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही आयगरग्लेचरला गेलो. २०२० मध्ये सुरू झालेला आयगर एक्सप्रेस हा गोंडोला ग्रिंडेलवाल्डहून पंधरा मिनिटांत तिथे नेतो, भिंतीच्या अगदी जवळून. वर लाल उतार सुरू होतो. मी त्याच्या तोंडाशी उभी राहिले. वरचा टप्पा तिरका, सकाळच्या थंडीनं कडक झालेला, पुढे मात्र रुंद. मी बराच वेळ बघितलं. कडा धरतील का, थांबता येईल का, आज मांड्यांत किती जोर उरलाय. मग भाचीला म्हणाले, तू जा, मी गाडीनं येते. तिनं दोनदा विचारलं नाही. ती गेली, आणि मी स्की खांद्यावर घेऊन क्लाइन शायडेगच्या गाडीत बसले.

गाडी वरून, युंगफ्राउयोखवरून आलेली, पर्यटकांनी भरलेली. समोरच्या बाकावर ठाण्याचं जोडपं, त्यांची माकडटोपी, यांचा स्वेटरवर स्वेटर. भाचीशी फोनवर बोलणं ऐकून काकूंनी लगेच विचारलं, "मराठी का तुम्ही? अगंबाई! आणि हे सगळं करता?" स्कीकडे बोट. "भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"मग?"

मी त्यांना बाकावर दोन हात आडवे ठेवून दाखवलं, हा उतार, या स्की, घोटे असे सैल सोडले की सरकतात, असे वळवले की थांबतात. काकूंनी स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवर आडवे करून करून बघितले, हातातल्या पिशवीसकट. काका म्हणाले, "अगं, गुडघे!" त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचं मला ठाऊक आहे. कळसूबाईच्या शिड्या उतरले होते मी, विसरलात?" आणि पुढची दोन-तीन मिनिटं त्या शिड्या कशा हलत होत्या याचं वर्णन झालं. स्थानक आलं तेव्हा त्यांनी विचारलं की हे आपल्याकडे कुठे शिकवतात. मी गुलमर्गचं सगळं सांगितलं, उत्तराखंडातल्या औलीचंही सांगितलं, केव्हा जायचं, काय न्यायचं. त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं.

दुपारपर्यंत खालच्या उतारांचा बर्फ भिजून जड झाला होता. कडेला बर्फ फवारणाऱ्या तोफा रांगेनं उभ्या होत्या, खालच्या भागात आता त्यांच्यावाचून हंगाम निभत नाही. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून आपल्या एकूण घनफळाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. हा आकडा मी मुंबईत वाचला होता, पण चिखल आणि गवत उघडं पडलेल्या निळ्या उताराच्या शेवटाशी स्की काढून चालत जाताना तो पायाला कळला. शिक्षिकाबाईंनी त्यांच्या लहानपणी गावातल्या घरापर्यंत स्कीवर यायचो असं सांगितलं होतं. त्या सांगताना चिडल्या नव्हत्या, पण बोलणं तिथेच थांबवलं होतं.

पुढच्या खेपेला त्या लाल उताराचा वरचा टप्पा साइडस्लिपनं उतरायचा, असं भाचीचं आणि माझं ठरलं आहे. खालचा रुंद भाग वळणं घेत. त्याआधी गुलमर्गला जाऊन कुरणाच्या वरच्या, जरा तिरक्या उतारांवर सराव करायचा. शिक्षिकाबाईंना मेल टाकला होता. त्यांचं उत्तर आलं, मार्चऐवजी फेब्रुवारीच्या सुरुवातीला या, तेव्हा वरचा बर्फ कोरडा असतो, कडा चांगल्या धरतो. आणि हातमोजे नवीन घ्या, ते उसवलेले चालणार नाहीत.